मागचा दिवा आपल्याला दिसत नाही, म्हणून तो नीट पारखून घ्यायचा

सायकलच्या चार्जिंगवाल्या मागच्या दिव्याचं खोकं हातात घेतलं की आकडे अंगावर येतात. १५० लुमेन. ४० तास. आयपीएक्स६. २७० अंश. सात मोड. शेजारच्या खोक्यावर ३०० लुमेन लिहिलेलं असतं आणि हात आपोआप तिकडे वळतो. मोठा आकडा म्हणजे चांगला दिवा, असं वाटणं साहजिक आहे. माझा पहिला दिवा मी असाच घेतला होता.

मग एका संध्याकाळी मागून आलेल्या एका सायकलस्वाराने मला गाठून सांगितलं, "ताई, तुमचा मागचा दिवा बंद आहे." निघताना मी तो लावला होता. वाटेत कधी विझला, किती वेळ मी अंधारात तशीच चालले होते, ते मला आजही माहीत नाही. पुढचा दिवा विझला तर समोर काळोख होतो. ब्रेक ढिला झाला तर बोटांना कळतं. टायरमधली हवा गेली तर सायकल जड जाते. मागचा दिवा मात्र बंद पडला, वाकडा झाला, मंदावला, तरी त्याची काहीच खबर आपल्यापर्यंत पोचत नाही. म्हणून तो घेताना माझा पहिला प्रश्न आता "किती लुमेन?" हा नसतो. मी पाहत नसताना हा दिवा काय करत असेल, ते मला आधी जाणून घ्यायचं असतं.

या दिव्याचं नेमकं काम काय?

पुढचा दिवा रस्ता दाखवतो. मागचा दिवा कुणालाच रस्ता दाखवत नाही, तो फक्त निरोप देतो: इथे माणूस आहे, इतक्या अंतरावर आहे आणि तुमच्याच दिशेने पुढे चालला आहे. मागच्या चालकाला हा निरोप वेळेत मिळायला हवा. वेळेत म्हणजे किती, याचा हिशोब सोपा आहे.

समजा तुम्ही ताशी २० किलोमीटरने चालला आहात आणि मागून गाडी ताशी ६० ने येते आहे. दोघांमधलं अंतर ताशी ४० किलोमीटरने, म्हणजे दर सेकंदाला साधारण ११ मीटरने कमी होत जातं. चालकाला तुम्ही ५० मीटरवर दिसलात, तर त्याच्या हातात साडेचार सेकंद आहेत. त्यातले एक-दोन सेकंद "ते काय आहे?" हे समजण्यातच जातात. उरलेल्या वेळात आरसा बघायचा, वेग कमी करायचा, बाजूला व्हायचं. तोच दिवा २०० मीटरवरून दिसला तर हातात १८ सेकंद असतात. गाडी ताशी १०० ने येत असेल तर ५० मीटरला जेमतेम सव्वादोन सेकंद मिळतात. दिव्यावर पैसे खर्च करायचे ते हे सेकंद वाढवण्यासाठी.

मग जास्त लुमेन घेतले की झालं ना?

इथे दोन शब्द समजून घेऊ. लुमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड. कँडेला म्हणजे एका ठरावीक दिशेने जाणाऱ्या उजेडाची तीव्रता.

बागेत पाणी घालायचा पाइप आठवा. नळ तेवढाच उघडा असतो, पाणीही तेवढंच येत असतं. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांबवर जाते, अंगठा काढला की पाणी पायाशीच पडतं. लुमेन म्हणजे नळातून येणारं पाणी आणि अंगठ्याचं काम करते ती दिव्याची काच, म्हणजे भिंग. चांगलं भिंग असलेला ३० लुमेनचा दिवा, नुसत्या उघड्या एलईडीच्या १०० लुमेनच्या दिव्यापेक्षा सरळ मागून अधिक ठळक दिसू शकतो. मागच्या चालकाच्या डोळ्यापर्यंत पोचतात ते कँडेला. ब्रिटनने २००५ मध्ये सायकलच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांना परवानगी दिली तेव्हा त्यांच्या उजेडाची किमान अट घातली ती ४ कँडेलाची. लुमेनची अट त्यात नाही.

दुसरी अडचण अंतराची. दिव्यापासून दुप्पट लांब गेलं की डोळ्यापर्यंत पोचणारा उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. म्हणजे दुप्पट अंतरावरून तेवढाच ठळक दिसायचा असेल तर चौपट तीव्रता हवी. १५० ऐवजी ३०० लुमेनचा दिवा घेतला आणि बाकी सगळं सारखंच असलं, तरी अंतरात फायदा होतो सुमारे १.४ पट. त्यासाठी बॅटरी मात्र दुपटीने संपते.

बहुतेक खोक्यांवर कँडेलाचा आकडा नसतो. त्यामुळे डोळ्यांनीच पारखावं लागतं, आणि हातभर अंतरावरून तर सगळेच दिवे प्रखर दिसतात. शक्य असेल तर संध्याकाळी कुणाला तरी दिवा धरून उभं करा आणि शंभरेक पावलं मागे जा. आधी सरळ रेषेत उभं राहून पाहा, मग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे सरका. काही दिवे थोडं बाजूला झाल्याबरोबर निम्मे होतात. रस्ता वळतो, गाडी दुसऱ्या लेनमध्ये असते, सायकल खड्डा चुकवते, त्यामुळे इतका अरुंद झोत असलेला दिवा मी घेणार नाही.

चौकात गाडी बाजूने येते, तिथे सरळ मागच्या झोताचा काहीच उपयोग नाही. दिव्याच्या कडेलाही उजेड बाहेर पडायला जागा हवी. २७० अंशांचा दावा असेल तर दिवा आडवा धरून खात्री करा. कडेने नुसती लालसर झाक दिसत असेल तर चौकात तिचा भरवसा धरू नका.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: दिवा बघतोय कुठे?

सीट ज्या नळीवर बसते तिला सीटपोस्ट म्हणतात. बहुतेक जण दिवा तिथेच लावतात. ही नळी उभी नसते. रोड बाइकवर, म्हणजे पक्क्या रस्त्यावरच्या वेगवान सायकलवर, ती जमिनीशी साधारण ७३ अंशांचा कोन करते, म्हणजे वरचं टोक मागे झुकलेलं असतं. अशा नळीच्या मागच्या बाजूला दिवा सपाट बसवला तर त्याचं तोंड सरळ मागे नसतं, ते १७ अंश खाली झुकलेलं असतं. दिवा जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंच असेल, तर झोताचा मध्य तुमच्या मागे जेमतेम अडीच मीटरवर रस्त्यावर आपटतो. लुमेन १५० असोत नाहीतर ३००, त्यातला सगळ्यात तेजस्वी भाग डांबर उजळतोय आणि चालकाला मिळतोय तो कडेचा उरलासुरला उजेड.

मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या बारीक नळ्यांवर, म्हणजे सीटस्टेवर, दिवा लावला तर उलटं होतं. त्या नळ्यांचा उतार दुसऱ्या बाजूला असल्यामुळे दिवा आकाशाकडे पाहू लागतो.

म्हणून दिव्यापेक्षाही त्याची पकड आधी पाहा. चांगल्या पकडीत हा कोन भरून काढणारी पाचर असते, किंवा दिवा वरखाली झुकवता येतो. तपासणी घरच्या घरी होते. अंधारात सायकल भिंतीकडे पाठ करून तीन-चार मीटरवर सरळ उभी करा. दिवा जमिनीपासून जितका उंच आहे तितक्या उंचीवर भिंतीवर खडूने खूण करा. उजेडाचा सगळ्यात ठळक ठिपका त्या खुणेवर किंवा तिच्या किंचित खाली पडला पाहिजे. मी ही तपासणी केली तेव्हा माझा ठिपका भिंतीवर नव्हताच, फरशीवर होता. पुढे कितीतरी लुमेन विकत घेऊन जे साधलं नसतं, ते त्या दिवशी पाचरीने साधलं.

दिवा नीट लावल्यावर त्याच्या मागे जाऊन उभे राहा. सीटखालची पिशवी त्याला झाकते का? कॅरिअरवर सामान ठेवलं की तो गायब होतो का? पावसाळी जाकिटाची मागची झूल त्यावर उतरते का? कॅरिअर वापरणाऱ्यांनी दिवा कॅरिअरच्या शेवटच्या टोकालाच लावावा, तिथे त्याला काही आडवं येत नाही. पाठीवरच्या पिशवीला अडकवलेला दिवा पिशवीबरोबर हलतो, लोंबतो आणि वाकल्यावर आभाळ बघतो. जोडीचा दिवा म्हणून तो ठीक आहे, मुख्य दिवा म्हणून नाही.

रबरी पट्टा वर्षा-दोन वर्षांत सैल पडतो किंवा तडकतो आणि खड्ड्यागणिक दिवा थोडाथोडा खाली सरकतो. सुटा पट्टा वेगळा मिळतो का, हे खरेदीच्या वेळीच विचारा. सीटपोस्ट गोल नसून चपटा असेल तर त्याला बसणारी पकड सोबत आहे का, तेही पाहून घ्या.

लुकलुकणारा बरा की सलग?

या प्रश्नावर देशादेशांचंही एकमत नाही. जर्मनीत सायकलचा मागचा दिवा सलगच हवा, लुकलुकणारा चालत नाही. ब्रिटनमध्ये मिनिटाला ६० ते २४० वेळा लुकलुकणारा दिवा कायदेशीर आहे. दोन्हीमागे कारण आहे.

उघडझाप लक्ष वेधून घेते. इतर दिव्यांच्या गर्दीत लुकलुकणारा लाल ठिपका "ही सायकल असावी" असं पटकन सांगतो. पण अंतराचा अंदाज घ्यायला डोळ्याला सलग ठिपका लागतो. दिवा सेकंदाला एकदाच लुकलुकत असेल, तर ताशी ६० ने येणारी गाडी दोन झपक्यांच्या मध्ये जवळजवळ १७ मीटर पुढे आलेली असते. पूर्ण काळोखात प्रत्येक झपक्याला चालकाला दिवा नव्याने शोधावा लागतो.

माझं मत असं: दिवसा लुकलुकणारा, अंधारात सलग. बऱ्याच दिव्यांत एक मधला मोड असतो. त्यात उजेड कमी-जास्त होतो पण पूर्ण विझत नाही. अंधाऱ्या रस्त्यावर तो मला सगळ्यात पटतो. आणि दोन दिवे लावता आले तर प्रश्नच मिटतो. एक सलग, दुसरा संथ लुकलुकणारा, आणि दोघांच्या उंचीत थोडं अंतर. फार वेगाने फडफडणारे मोड मात्र वापरू नका. मागच्याला त्यांचा त्रास होतो, आणि प्रकाशाच्या वेगवान उघडझापेने काहींना अपस्माराचा झटका येऊ शकतो.

"पण मी तर दिवसाच सायकल चालवते"

डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये सुमारे ३,८०० सायकलस्वारांना घेऊन एक अभ्यास झाला. त्यातल्या जवळपास निम्म्या जणांच्या सायकलींना पुढे आणि मागे, दिवसरात्र आपोआप चालू राहणारे दिवे लावले होते. त्यांना इजा होणाऱ्या अपघातांचं प्रमाण इतरांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी निघालं. अपघातांची नोंद सहभागी लोकांनी स्वतःच केली होती, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही दिवसाचा दिवा निरर्थक नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

दिवसा धोका असतो तो उजेड-सावलीच्या खेळात. भर उन्हातून गाडी झाडांच्या दाट सावलीत किंवा बोगद्यात शिरते तेव्हा चालकाच्या डोळ्यांना जुळवून घ्यायला वेळ लागतो. गडद कपड्यातला सायकलस्वार नेमका त्याच वेळी सावलीत विरघळतो. अशा ठिकाणी मंद सलग उजेड कामाचा नाही, थोडक्यात पण जोरात पडणारा झपका हवा. लुमेनचा मोठा आकडा खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो इथे. मात्र समोर मावळतीचा सूर्य असताना चालकाला दिवा दिसेलच, असं समजू नका. तिरीप आली की भले भले दिवे हरवतात.

"दिवसा चालतो, तर रात्रीही तोच प्रखर मोड ठेवला तर बिघडलं कुठे?"

बिघडतं. अंधारात चालकाची बाहुली मोठी झालेली असते. त्यात प्रखर लाल झपका शिरला की त्याला ठिपका दिसतो, पण ठिपक्याभोवतीचा माणूस, सायकलची रुंदी, रस्त्याची कड यातलं काही दिसत नाही. मागे दुसरे सायकलस्वार असतील तर त्यांना तुमच्या चाकापुढचा खड्डाही दिसत नाही. अंधाऱ्या रस्त्यावर माझ्या अनुभवात २०-३० लुमेनचा सलग, नीट रोखलेला उजेड पुरतो. गटाने जाताना सगळ्यात मंद मोड लावावा आणि प्रखर दिवा शेवटच्याने लावावा. म्हणून मंद मोड खरोखर मंद आहे का, आणि दिवा बंद करून पुन्हा लावल्यावर मागचाच मोड येतो का, हेही पाहा. सात मोडमधून दरवेळी बटण दाबत जावं लागलं, तर घाईत माणूस हाती येईल तो मोड ठेवून निघतो.

४० तासांचा खरा अर्थ

या दिव्यांत मोबाइलसारखीच लिथियम-आयन बॅटरी असते. तिची क्षमता मिलिअँपिअर-तासांत लिहितात. आकडा मोठा असला की साठा मोठा, एवढंच लक्षात ठेवलं तरी चालेल.

आता खोक्यावरचे "१०० लुमेन" आणि "४० तास" शेजारी-शेजारी छापलेले असले, तरी ते बहुधा एकाच वेळी मिळत नाहीत. समजा दिवा १०० लुमेनवर सलग ४ तास चालतो. तोच दर सेकंदाचा फक्त दहावा भाग पेटला तर सरासरी खर्च दहापट कमी होतो आणि ४ चे ४० तास होतात. हिशोब खरा आहे, पण तुम्ही रात्री सलग दिवा लावणार असाल तर तुमच्या कामाचा आकडा ४ आहे.

यात अजून एक मेख आहे. हातातल्या विजेऱ्यांसाठीच्या एफएल१ या प्रचलित मानकात "चालण्याचा वेळ" मोजतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे शेवटच्या तासात दिवा चालू असतो, पण दहावा हिस्साच उरलेला असतो. काही दिव्यांत बॅटरी उतरेल तसा उजेड हळूहळू ओसरतो. काहींमध्ये आतलं सर्किट तो शेवटपर्यंत जवळजवळ समान ठेवतं. मागचा दिवा आपल्याला दिसत नसल्यामुळे हळूहळू मंदावणारा दिवा सर्वांत फसवा. घरी पोचल्यावर तो लुकलुकत असतो आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक होतं.

म्हणून नवा दिवा आणला की एक संध्याकाळ खर्च करा. पूर्ण चार्ज करा, तुम्ही रोज वापरणार तो मोड लावा आणि खोलीत घड्याळाशेजारी ठेवून द्या. दर अर्ध्या तासाने भिंतीवरचा उजेड पाहा. तो कधी ओसरू लागला, विझण्याआधी काही इशारा दिला का, ते लिहून ठेवा. हा काळ रोजच्या जाण्यायेण्याच्या वेळेच्या निदान तिप्पट हवा, कारण चार्ज करायचं विसरणं होतंच. दरवर्षी एकदा हीच चाचणी पुन्हा करा. काहीशे वेळा चार्ज झाल्यावर अशा बॅटरीची क्षमता घटते, आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलेली बॅटरी त्याहून लवकर थकते. महिनोन्महिने वापरायची नसेल तर ती साधारण अर्धी भरून थंड जागी ठेवावी.

खरेदीच्या वेळी मी एक प्रश्न आग्रहाने विचारते: बॅटरी संपत आली की हा दिवा काय करतो? काही दिवे अचानक विझतात. काही आपोआप सगळ्यात मंद मोडवर उतरतात आणि घरापर्यंत साथ देतात. दुसऱ्या प्रकारचा दिवा १०० लुमेनने कमी असला तरी मी तोच घेईन.

चार्जिंगची जागा यूएसबी-सी असेल तर वेगळी केबल सांभाळावी लागत नाही. पण काही स्वस्त दिव्यांत आत दोन छोटे रेझिस्टर बसवलेले नसतात. असा दिवा दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने चार्जच होत नाही, जुन्या चौकोनी टोकाच्या केबलनेच होतो. दिवा बिघडला म्हणून टाकून देण्याआधी केबल बदलून पाहा.

पाऊस

खोक्यावरचा आयपीएक्सचा आकडा म्हणजे दिवा किती पाणी सोसतो त्याचं माप. आयपीएक्स४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे सोसतो, ६ म्हणजे जोराचा फवारा, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. फक्त ७ लिहिलं असेल तर फवाऱ्याची चाचणी झालेली असेलच असं नाही. सायकलच्या दिव्यावर पाणी वरून पडतं त्याहून वाईट मागच्या चाकावरून, चिखलासकट खालून उडतं. चार्जिंगचं रबरी झाकण खालच्या बाजूला असेल तर ते घट्ट बसतं ना, हे बोटाने दाबून पाहा. पावसात फिरून आल्यावर ते कोरडं झाल्याशिवाय केबल लावू नका.

"रिफ्लेक्टर आहे ना, मग?"

तो काढू नका. १९६८ च्या व्हिएन्ना येथील रस्ते वाहतूक करारात सायकलला मागे लाल रिफ्लेक्टर असावा असं म्हटलं आहे, आणि सोबत लाल दिवाही दाखवता यावा असंही. रिफ्लेक्टरला बॅटरी लागत नाही, दिवा विझल्यावर तोच एक राखणदार उरतो. पण त्याच्यावर गाडीचा उजेड पडला तरच तो बोलतो. संधिप्रकाशात दिवे न लावताच येणाऱ्या गाडीला तो गप्पच असतो. घोट्याला चमकदार पट्टी बांधलीत तर अजून चांगलं. पॅडलबरोबर ती वरखाली होते आणि पुढे माणूस आहे, हे मागच्याला ओळखू येतं.

ब्रेक लावल्यावर उजळणारे आणि रडारवाले दिवे

वेग कमी झाला की आतला सेन्सर दिवा क्षणभर प्रखर करतो. गटात याचा उपयोग होतो, पण खराब रस्त्यावर धक्क्यांनीही तो उजळू शकतो. गार्मिनच्या व्हारियासारख्या रडारवाल्या दिव्यांत मागून येणारी गाडी सुमारे १४० मीटरवरून टिपली जाते आणि हँडलवरच्या पडद्यावर किंवा मोबाइलवर तिची सूचना मिळते. मोकळ्या हमरस्त्यावर लांब जाणाऱ्यांना याचा दिलासा मोठा असतो. पण ती सूचना मिळते तुम्हाला. मागच्या चालकाला दिसतो तो नेहमीचाच लाल दिवा. शिवाय रडार बॅटरी खातो. पडद्याशी जोडल्या जाणाऱ्या दिव्यांचा मला भावणारा फायदा वेगळा आहे: दिव्याची बॅटरी किती उरली, ते चालता चालता समोर दिसतं.

माझ्या सायकलवर सध्या दोन दिवे आहेत, एक पाचर लावून सीटपोस्टवर, दुसरा साधासा, मडगार्डवर. दोन्ही मध्यम ताकदीचे. निघताना, आणि वाटेत सिग्नलला थांबले की, मी हात मागे नेऊन तळवा दिव्यासमोर धरते आणि मान वळवून तो लाल दिसतो का, ते पाहते.